बोळकी

४ मार्च

दादा,

तू फोन उचलत नाहीस, निरोपांना उत्तर देत नाहीस, म्हणून हा कागद. पत्र फाडायचं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि माझं अक्षर दिसलं की शिव्या घालायला का होईना तू ते उघडशील, एवढी मला खात्री आहे. वहिनीला यात ओढू नकोस. तिनं मला काहीही सांगितलेलं नाही.

मॅनेजरबाई घरी आल्या, ताप पुन्हा चढला नाही आणि हॉस्पिटलातल्या नर्सला त्यांनी ‘तुमची सुई नीट धुतली का’ असं विचारलं, हे कळून बरं वाटलं. कसं कळलं ते विचारू नकोस. लेक तुझी शोभते खरी. अंडी मोजायला बसवून तूच तिला मॅनेजर करून ठेवलंस, आता ती सगळ्या जगाची तपासणी करणार.

तुझा राग अहवालाचा आहे. शेड रिकाम्या करायला माणसं आली, त्यांच्या हातातल्या कागदावर तुझ्या सख्ख्या बहिणीची सही होती. ते लागणारच. पण मी काय करायला हवं होतं, सांग. तू मला लहानपणापासून जंतूबाई म्हणतोस. आता जंतूबाईनं जंतू शोधला तर तिच्यावर डाफरायचं, हा कुठला न्याय?

तुला कोणी नीट समजावलं नसेल, म्हणून मी सांगते. साल्मोनेला कोंबडीच्या पोटात गुपचूप राहतो, तिला बहुतेक वेळा काही होत नाही. माणसाच्या पोटात गेला की धिंगाणा घालतो. पण सगळे साल्मोनेला सारखे नसतात. एखाद्याकडे आतड्याच्या भिंतीत शिरायचं जनुक असतं, एखाद्याकडे रक्तात टिकून राहायचं, एखाद्याकडे पोट नासवणारं विष बनवायचं. आम्ही असली पाच जनुकं शोधतो. जनुक सापडलं की जेलच्या पारदर्शक वडीवर एक पट्टी उमटते, नसलं की तिथली जागा रिकामी राहते. मॅनेजरबाईंच्या रक्तात जो जंतू सापडला, त्याला चौथी पट्टी नव्हती, बाकी सगळ्या होत्या. तुझ्या कोंबड्यांच्या विष्ठेतून जो वाढवला, त्यालाही चौथी नव्हती, बाकी सगळ्या होत्या. असा नमुना क्वचित दिसतो. तोच दोन्हीकडे दिसला तर त्याचा अर्थ काय, हे शेंबडं पोरही सांगेल.

आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या होत्या, ‘घरचं प्रकरण आहे, तुम्ही यात हात घालू नका.’ मीच हटून बसले. म्हटलं, माझ्या भाचीचं काम माझ्याइतक्या काळजीनं दुसरं कोण करणार? तेव्हा निष्काळजीपणा झाला असं म्हणायला तुला जागा नाही.

आणि मॅनेजरबाईंच्या वाढदिवसाला आलेल्या जवळजवळ सगळ्यांची पोटं बिघडली, हे तर खोटं नाही ना? सँडविचमधलं मेयोनीज कच्च्या अंड्यांचं होतं. अंडी तुझी होती. ते कोणी घोटलं होतं हे तुला माहीत आहे, आणि सगळ्यांनी बोटं चाटत खाल्लं हेही. मीही खाल्लं. मला काही झालं नाही, पण आमच्या धंद्यातल्या लोकांची पोटं दगडाची झालेली असतात.

तुला बोल लावावा म्हणून लिहीत नाहीये. मॅनेजरबाईंसाठी रंगांची पेटी वेगळी पाठवली आहे. माझं नाव सांगायचं नसेल तर सांगू नकोस.

जंतूबाई


१९ मार्च

दादा,

वहिनीचा फोन आला होता. तिच्यावर ओरडू नकोस, ती बाथरूममध्ये नळ सोडून बोलत होती बिचारी. मला आधी वाटलं तुमच्याकडे पाणी भरून वाहतंय.

ती म्हणाली, ‘ताई, हे तिच्या ताटाला हात लावत नाहीत हो. ती मांडीवर बसायला आली की उठून जातात. दिवसभर हात धुतात, बोटांची सालं निघालीत. तुम्ही काहीतरी सांगा ना, तुमचं ऐकतील.’

माझं ऐकशील असं तिला अजून वाटतं, हे ऐकून मला काय झालं ते लिहीत बसत नाही.

असं करू नकोस, दादा. शास्त्राच्या दृष्टीनंसुद्धा त्याला काही अर्थ नाही. कोंबड्या गेल्या, शेड धुऊन निघाल्या, औषध मारून झालं. तुझ्या हातावर आता काय असणार आहे? आणि तेव्हा असलं तरी तू काय जाणूनबुजून केलंस? त्या पोरीला तुझ्याशिवाय घास उतरत नाही. आजारातून उठलेली आहे ती, तिला आता अंगावर मांस चढायला हवं. तू तिच्यापासून पळालास तर ती काय समजेल? मुलं वाटेल ते समजतात.

आज प्रयोगशाळेत एक फालतू गोष्ट झाली, सहज सांगते. आमच्याकडे एक सहकारी आहेत, आम्ही त्यांना सावकाश म्हणतो, कारण काहीही सांगितलं की ते ‘होईल, सावकाश होईल’ म्हणतात. ते दुसऱ्या विभागातून आलेत. आज फ्रीजमधून एक नळी काढून त्यांनी विचारलं, ‘हिच्यावर बोळकी असं का लिहिलंय?’

ही आमची जुनी साल्मोनेला. जंतू वाढवायची चाचणी नीट चाललीये की नाही हे पाहायला दर आठवड्याला आम्ही ती वाढवतो, म्हणजे ओळखीचं माणूस रांगेत उभं करून बाकीच्यांशी ताडून बघावं तसं. नाव मी ठेवलंय. नवी नवी लागले होते तेव्हा. मी म्हटलं, ‘म्हातारी आहे. तिच्या पट्ट्यांत एक दात पडलाय, म्हणून बोळकी.’ सगळे हसले.

सावकाश म्हणाले, ‘कितवा?’

मी म्हटलं, आठवत नाही.

बाकी ठीक. तू हात धुणं कमी कर, सालांना तूप लाव.

जंतूबाई


५ एप्रिल

दादा,

महत्त्वाचं आहे म्हणून नीट वाच.

तुझ्या शेडमधून आणलेल्या नमुन्यांपैकी काही भाग शीतपेटीत शिल्लक होता. काही कारणानं तो पुन्हा तपासण्यात आला. या खेपेला त्यात साल्मोनेला वाढला नाही. एकाही पिशवीत नाही. साठवणीत जंतू मरतात असं म्हणता येईल, पण सगळ्याच पिशव्यांतले मरतील असं सहसा होत नाही. त्यामुळे पहिल्या तपासणीत काही तांत्रिक त्रुटी राहिली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

याचा अर्थ असा की तुझ्या परवान्याच्या प्रकरणात फेरतपासणीची मागणी करायला जागा आहे. तू कार्यालयात साधा अर्ज दे. ‘पहिल्या निष्कर्षांबाबत शंका आहे’ एवढंच लिही. कारण देऊ नकोस, ते विचारणार नाहीत. मी सांगितलं असं कृपा करून म्हणू नकोस. सुनावणीच्या आधी अर्ज पोचला तर परवाना कायमचा रद्द होण्याचं टळू शकेल. माझ्या ओळखीच्या एका बाई तिथे आहेत, पण मी त्यांना काही बोललेले नाही आणि बोलणं बरंही दिसणार नाही.

वाचून बघितलं. एखाद्या साहेबानं लिहिल्यासारखं झालंय. पण यापेक्षा वेगळं आत्ता जमत नाही.

मॅनेजरबाईंना खोकला झाला होता असं कळलं. गेला का?

जंतूबाई


१० एप्रिल

जंतूबाई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शेवटी हिला वाचायला दिलं. आम्हाला दोघांनाही काही कळलं नाही.

‘शक्यता नाकारता येत नाही’ म्हणजे काय गं? तू लहान असताना काचेचा ग्लास फोडलास की असंच बोलायचीस. आई विचारायची, काय झालं? तू म्हणायचीस, ग्लास फुटला. कोणी फोडला ते नाही. ग्लास आपला आपण फुटायचा आमच्या घरात.

मला अर्ज द्यायचा नाही. परवाना राहू दे नाहीतर जाऊ दे. पुन्हा कोंबड्या ठेवायची माझी छाती नाही. ज्याला आपलं पोर सांभाळता आलं नाही त्यानं दुसऱ्यांना अंडी विकू नयेत, एवढं मला कळतं.

मला एकच विचारायचं आहे. रोज सकाळी मी तिला अंडं उकडून द्यायचो. माझ्या हातानं सोलून. ती मीठ लावायची आणि मला पिवळं द्यायची, तिला आवडत नाही म्हणून. हॉस्पिटलमध्ये तिला धरून ठेवायला दोन माणसं लागली, तेव्हापासून मी तेच अंडं बघतोय. डोळे मिटले की माझा हात आणि ते अंडं.

पोरगी माझ्यामुळे मरायला टेकली होती का? हो की नाही एवढंच लिही. बाकी तुझं शास्त्र तुझ्याजवळ ठेव.

दादा


२२ एप्रिल

दादा,

नाही.

तू एवढंच मागितलं होतंस, ते वर लिहिलं. पुढचं वाचायचं नसेल तर वाचू नकोस, पण ते ‘नाही’ मी सहा दिवस उशिरा पाठवतेय, त्याचं कारण तुला कळायला हवं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मला उत्तर माहीत होतं. पण मी स्वतःला म्हटलं, पुरावा हवा. पुरावा नको होता खरं तर, थोडा वेळ हवा होता. मग लाज वाटली आणि मी सावकाशांकडे गेले. त्यांच्या टेबलावर माझी डबी ठेवली. झाकणावर माझं पूर्ण नाव लिहिलं होतं. म्हटलं, ‘ही माझ्या शौचाची आहे. साल्मोनेला बघा. सापडला तर पाचही जनुकं लावा. आणि शेजारी बोळकी चालवा.’

त्यांनी लगेच हातमोजे चढवले. ‘सावकाश’सुद्धा म्हणाले नाहीत.

बोळकीला चौथा दात नाही. म्हणून जनुकांच्या चाचणीपुरता आम्ही दुसराच जंतू तुलनेला घेतो, आणि म्हणूनच जेलवर ती कधी कोणाच्या शेजारी उभी राहत नाही. या वेळी राहिली. बोळकी, मॅनेजरबाईंच्या रक्तातला जंतू, तुझ्या कोंबड्यांच्या नावावर चढवलेला जंतू आणि माझा, चौघांची तोंडं एकच. सावकाशांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. माझ्याकडे बघावं लागू नये म्हणून.

आता जे झालं ते सांगते. ग्लास मी फोडला.

वाढदिवसाच्या आधी माझं पोट बिघडलं होतं. दोन दिवस जुलाब, थोडी कणकण. बोळकी हाताळताना कधीतरी ती माझ्या पोटात गेली असणार. आमच्याकडे नियम साधा आहे. जंतूंचं काम करणाऱ्याचं पोट बिघडलं की लगेच कळवायचं, तपासणीला द्यायचं, पोटात काही उरलं नाही असं सिद्ध होईपर्यंत टेबलापासून आणि दुसऱ्यांच्या जेवणापासून लांब राहायचं. हा नियम मी नव्या लोकांना शिकवते. पण तेव्हा माझा शोधनिबंध पाठवायचा होता. कोंबड्यांमधल्या साल्मोनेलात आणि माणसांमधल्या साल्मोनेलात कोणती जनुकं सारखी असतात यावर. सुट्टीवर गेले असते तर दुसऱ्या कोणाचं नाव आधी लागलं असतं. गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, कोणाला सांगितलं नाही. बरं वाटलं म्हणजे जंतू गेला असं नसतं. तो माणसाच्या पोटात महिनोनमहिने गुपचूप राहू शकतो. कोंबडीसारखाच. ज्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं त्यानं तुझ्या स्वयंपाकघरात उभं राहून हातानं मेयोनीज घोटलं. वहिनी म्हणाली होती, ‘ताई, मिक्सरला लावते ना.’ मी म्हटलं, हातचं ते हातचं.

तुझी अंडी चांगली होती, दादा. मी ती बिघडवली.

कोंबड्यांच्या नमुन्यांत तो कसा आला, तर तुझ्या पिशव्या आल्या त्या सकाळी मी त्याच टेबलावर आधी बोळकी उघडली होती. मग तुझे नमुने थेंब ओढायच्या त्याच पिपेटनं घेतले. घाईत होते. तुझं काम लवकर उरकून तुला ‘सगळं स्वच्छ आहे’ असं सांगायची घाई होती, हे तू मानलंस तर मान, नाही तर नको. कोंबड्यांत काही नव्हतंच. जे वाढलं ते मीच घातलेलं होतं.

इथवर मी मॅडमना सगळं लेखी दिलं आहे. त्यांनी जुना अहवाल रद्द केला, परवान्याच्या कार्यालयात तसं पत्र गेलं, त्याची नक्कल यासोबत आहे. माझं काम काढून घेतलंय. चौकशी होईल, नोकरी बहुतेक जाईल. निबंध मी स्वतःच मागे घेतला. हे तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये, तुला कुठून तरी कळणारच आहे.

आता राहिलं ते, जे पहिल्यांदा मॅडमना सांगायला गेले तेव्हा गाळलं. दुसऱ्यांदा जाऊन सांगितलं. मला हे नंतर सुचलेलं नाही. अहवालावर सही करायच्या आधी जेल दिव्याखाली धरलं, तेव्हा ती चौथी रिकामी जागा मला ओळखीची वाटली. वाटली काय, मी ओळखली. ज्या बाईनं तिचं नाव ठेवलं ती तिला कशी विसरेल? मनात आलं, अगं ही तर बोळकी. आणि मी ते मनातून झटकलं. असा योगायोग होऊ शकतो म्हटलं. बोळकी म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ‘कोणाच्या हातून’ हा होता, आणि त्याचं उत्तर मला तेव्हाच माहीत होतं. म्हणून मी सही केली. तू मला पुन्हा कधी बहीण म्हटलं नाहीस तर याच्यासाठी म्हणू नकोस, जुलाबासाठी नाही.

माणसं दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे आली. एक दिवस होता माझ्याकडे. मी त्या दिवशी केस धुतले आणि झोपले.

वहिनीनं सांगितलं, तू शेडच्या दाराशी उभा होतास आणि त्या माणसांना ‘हळू धरा, पंख दुखतात’ म्हणत होतास. मरायलाच नेत होते त्यांना. ते कळल्यापासून मला पंख या शब्दाचीसुद्धा लाज वाटते. त्या परत येणार नाहीत. त्याला माझ्याकडे काही उपाय नाही.

मॅनेजरबाईंना काय सांगायचं ते तू ठरव. कोंबड्यांमुळे आजारी पडली असं तिला सांगितलं असशील तर ते मात्र बदल. तिनं वहिनीला विचारलं म्हणे, ‘त्यांना माहीत नव्हतं ना, मग त्यांना का नेलं?’ आत्यामुळे झालं असं सांग. सरळ सांग, लहान आहे म्हणून गुळमुळीत करू नकोस. मी समोर आले तर मीच सांगेन, पण माझ्या पोटातून हा जंतू पुरता गेल्याशिवाय मी तुमच्या घराचा उंबरठा ओलांडणार नाही. त्यानंतर यायचं की नाही ते तू सांगशील.

‘मला माफ कर’ असं शेवटी लिहिलं होतं. खोडलंय, दिसेल तुला. तू आधी माझ्या माफीचा विचार करत बसशील आणि तेवढा वेळ ती पोरगी ताटापाशी एकटी बसेल. माझं सावकाश बघ. किंवा बघू नकोस.

तुझ्या हातांना काहीही लागलेलं नव्हतं, दादा. ते सोललेलं अंडं तिनं खाल्लेल्या सगळ्या गोष्टींत सगळ्यात स्वच्छ होतं. हे मी तुझी बहीण म्हणून सांगत नाहीये, तिच्यावर कोणी विश्वास का ठेवावा? सोबत त्या चौघांच्या पट्ट्यांचा फोटो जोडलाय. तो बघ, आणि हात न धुता तिला मांडीवर घे.

बहीण